हजेरीत राहून गेलेली नावे

विद्यार्थी मित्रांनो, रोज सकाळी वर्गात हजेरी घेतली जाते. शिक्षक एकेक नाव पुकारतात आणि 'हजर' असे उत्तर येते. तुम्हांला त्यात विशेष काही वाटत नसेल. पण शाळा सोडून पंचवीस-तीस वर्षे झाली, की हीच हजेरी आठवू लागते. कोणाच्या नावानंतर कोणाचे नाव येत असे, हेही तोंडपाठ असते. मग मनात प्रश्न येतो, ती सगळी मुले आता कुठे असतील?

'हजेरी' आणि 'दाखला' हे शब्द तुम्हांला परके नाहीत. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूत तुम्ही ज्याला 'हमजमात' म्हणता, त्याला मराठीत 'वर्गमित्र' म्हणतात. या वर्गमित्रांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी अलीकडे संगणकाचा आणि मोबाइलचा मोठा उपयोग होतो. ही चांगली गोष्ट आहे. पण ती अजून अपुरी आहे, असे मला वाटते. का, ते सांगतो.

आमचे गाव राणीसावरगाव. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात ते आहे. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ते दूरवर ओळखले जाते. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळी शाळेत गेलेल्या अनेक मराठी माणसांना उर्दू वाचता येत असे. आमच्या आजोबांच्या पिढीला वर्गमित्र शोधावे लागत नसत. ज्याच्याबरोबर सतरंजीवर बसून धडे गिरवले, तोच शेताचा शेजारी असे. बाजाराच्या दिवशी तो भेटे, लग्नकार्यात भेटे, ईदला शीरखुर्मा घेऊन घरी येई.

पुढे दिवस बदलले. कोणी नोकरीसाठी पुण्याला गेले, कोणी मुंबईला, कोणी हैदराबादला. काहीजण आखाती देशांत पोहोचले. मुली लग्न होऊन सासरी गेल्या. एका वर्गातली मुले अशी चारी दिशांना पांगली. मग भेट व्हायची ती नवरात्रात, दिवाळीत किंवा ईदच्या सुट्टीत, तीही नशिबाने.

जगात सगळीकडे असेच झाले होते. म्हणूनच १९९५ साली अमेरिकेत रॅन्डी कॉनरॅड्स या गृहस्थांनी 'क्लासमेट्स' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. इंटरनेट तेव्हा सामान्य माणसाला नवीनच होते. तेथे आपल्या शाळेचे नाव शोधायचे, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहायचे आणि आपले नाव नोंदवायचे. त्याच शाळेतील त्याच वर्षाचे जे कोणी नाव नोंदवतील, ते एकमेकांना सापडत. २००० साली इंग्लंडमध्ये 'फ्रेन्ड्स रियुनायटेड' हे असेच संकेतस्थळ निघाले. आपल्या शाळेतील मैत्रिणी आता काय करत असतील, हा ज्युली पँकहर्स्ट नावाच्या एका महिलेला पडलेला प्रश्न, हेच त्याचे मूळ होते. बघता बघता लाखो लोकांनी तेथे नावे नोंदवली.

२००४ च्या जानेवारीत 'ऑर्कुट' आले. ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की अभियंत्याचे नाव त्याला मिळाले होते. भारतातील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. शहरांतील अनेक शाळा-महाविद्यालयांचे गट त्यावर तयार झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'फेसबुक'चा जन्म झाला. तेही आधी विद्यार्थ्यांपुरतेच होते. नंतर हातोहाती मोबाइल आले आणि 'व्हॉट्सॲप'वर वर्गांचे गट निघू लागले. आज महाराष्ट्रात लहानसहान खेड्यांतल्या शाळांच्या जुन्या विद्यार्थ्यांचेही असे गट आहेत. 'दहावीची बॅच' असे म्हणून त्यापुढे वर्ष लिहायचे, हे त्या गटाचे नाव. मग कधीतरी स्नेहमेळावा ठरतो. फेटे बांधले जातात, गुरुजनांचा सत्कार होतो, शाळेला एखादी भेटवस्तू दिली जाते आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो.

आमच्या वर्गाचाही असा मेळावा झाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या पटांगणात जमलो. इतक्या वर्षांनी भेटल्याचा आनंद काय वर्णावा! ज्यांना केस होते त्यांचे केस गेले होते आणि जे काडीसारखे होते त्यांची पोटे सुटली होती. आम्हांला पहिलीला शिकवणारे वृद्ध गुरुजी मुद्दाम आले होते. सगळ्यांचे नमस्कार झाल्यावर ते म्हणाले, "जुने दाखल-खारीज रजिस्टर आणा. मी तुमची पहिलीची हजेरी घेतो."

रजिस्टर आले. पाने पिवळी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होते. गुरुजी नावे वाचू लागले. "हजर!" "हजर!" आम्ही लहान मुलांसारखे ओरडत होतो. पण थोड्याच वेळात आवाज कमी झाला. एका नावाला कोणीच उत्तर दिले नाही. पुढच्या नावालाही नाही. अर्ध्याहून अधिक नावे तशीच गेली.

एक नाव आले तेव्हा कोणीतरी म्हणाले, "तो काय, बाहेर मंडपाच्या कनाती बांधतोय." आम्ही हसलो आणि लगेच गप्प झालो. त्याला आम्ही सगळे ओळखत होतो. मंडपासाठी आदल्या दिवशी त्याला फोनही केला होता. मेळाव्याला ये, असे मात्र एकानेही म्हटले नव्हते. मुद्दाम टाळले होते असे नाही. सहावीत असताना आईवडिलांबरोबर तो ऊसतोडीला गेला आणि परत आल्यावर शाळेत बसला नाही. आमचा गट 'दहावीच्या बॅच'चा होता. त्यामुळे त्याचे नाव कोणाच्या लक्षातच आले नाही.

त्याला आत बोलावले. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मी तर सहावीतच शाळा सोडली. माझं नाव आहे का अजून त्यात?"

गुरुजी म्हणाले, "एकदा नोंदलेलं नाव कोणी खोडत नसतं रे. ये, बस इथं."

मित्रांनो, त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. वर्गमित्रांना जोडणारी ही जी साधने आहेत, ती कोणाला जोडतात? जे आधीच सापडण्यासारखे आहेत, त्यांना. जो शिकला, नोकरीला लागला, ज्याच्या हातात चांगला मोबाइल आहे, तो एका दिवसात सापडतो. आणि ज्याला शोधण्याची खरी गरज आहे, तो सापडत नाही. 'उत्तीर्ण झाल्याचे वर्ष' लिहा, असे जेथे विचारले जाते, तेथे अनुत्तीर्ण झालेल्याने काय लिहावे? जो दहावीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याने काय लिहावे?

आमच्या भागात अशी मुले थोडी नव्हती. दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. शाळेचे निम्मे वर्ष फडावर जाते. मागे पडलेले मूल वर्गात बसायला लाजते आणि एक दिवस शाळा सुटते. आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आमच्या लहानपणी तो नव्हता. कायदा आल्यावरही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांची शाळा अधूनमधून सुटतेच.

मुलींचे तर आणखी अवघड. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते. कित्येक घरांत तिचे पहिले नावही बदलतात. मुस्लिम कुटुंबांतही कागदोपत्री वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते. जुन्या नावाने शोधले तर ती कशी सापडणार? आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा पत्ता कोणालाच नव्हता. तिचा भाऊ मात्र गावातच राहतो. मेळाव्यानंतर आम्ही त्याला विचारले, तेव्हा त्याने दोन मिनिटांत तिची खुशाली सांगितली. इतकी वर्षे आम्ही मोबाइलवर नाव शोधत होतो आणि चार घरे चालत जाण्याचे कष्ट घेतले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

कोणी म्हणेल, "ज्याला यायचे तो येईल. सगळ्यांना शोधत कोठे फिरायचे? शिवाय काहींना भेटायचेच नसेल." हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एखाद्याला जुने दिवस आठवून त्रास होत असेल. एखाद्या बाईला आपला फोन नंबर चाळीस जणांकडे जावा, असे वाटत नसेल. त्यांच्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. कोणालाही न विचारता गटात घेऊ नये आणि न विचारता कोणाचा फोटो पुढे पाठवू नये. परंतु 'मला यायचे नाही' असे त्याने म्हणणे वेगळे आणि आपण त्याला विचारलेच नाही, हे वेगळे. आपल्याला कोणी विचारले, एवढ्यानेही माणसाला बरे वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही संकेतस्थळे आपल्या मालकीची नसतात. ज्या कंपनीची ती असतात, तिने बंद केली की बंद होतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फ्रेन्ड्स रियुनायटेड २०१६ साली बंद झाले. लोकांनी हौसेने उभे केलेले शाळांचे गट त्यांच्याबरोबर गेले. आमच्या शाळेचे ते पिवळे रजिस्टर मात्र अजून कपाटात आहे. निर्गम उतारा हवा असला, की आजही माणसे त्याच रजिस्टरकडे येतात. त्यात श्रीमंत-गरीब, पास-नापास असा भेद नाही. जो पहिल्या दिवशी शाळेत आला, त्याचे नाव त्यात आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की वर्गमित्रांचा गट जरूर करावा, पण त्याची यादी मोबाइलमधील नंबरांवरून करू नये. ती शाळेच्या रजिस्टरवरून करावी आणि दहावीपासून नव्हे, तर पहिलीपासून करावी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन नावे उतरवून घ्यावीत. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याच्या घरी कोणीतरी निरोप घेऊन जावे. मेळाव्याची वर्गणी इतकी ठेवू नये, की मजुरी करणाऱ्याला यायला संकोच वाटेल. ज्याला जमेल त्याने द्यावी, ज्याला जमणार नाही त्याला कोणी विचारू नये. आणि जे या जगात राहिले नाहीत, त्यांचेही नाव एकदा आदराने घ्यावे.

आम्ही आता तसे ठरवले आहे. यादी करायला घेतली आहे. काही नावे सापडली, काही अजून सापडायची आहेत. मंडप बांधणारा आमचा मित्र त्या कामात सर्वांत पुढे आहे. कोण कोठल्या कारखान्याला जातो, कोणाची मुलगी कोठे दिली, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अजून शाळेत आहात. तुम्हांला कोणाला शोधायचे नाही, कारण सगळे तुमच्या शेजारीच बसले आहेत. पण आज हजेरी चालू असताना जरा कान देऊन ऐका. एखादे नाव बरेच दिवस 'गैरहजर' आहे का? त्या मुलाच्या घरी आज संध्याकाळी जाऊन या. तो का येत नाही, ते विचारा आणि आपल्या शिक्षकांना सांगा. तीस वर्षांनी त्याला शोधत बसण्यापेक्षा आज त्याला हात धरून वर्गात आणणे कितीतरी सोपे आहे.