नर्स व्हावी, पण दूर जाऊ नये?

आमच्या वऱ्हाडात मुलगा नोकरीसाठी मुंबईस निघाला, की पेढे वाटतात. नर्सिंगचा कोर्स पुरा केलेल्या अकोल्याच्या मुलीला तिथेच नोकरी मिळाली, की मात्र प्रश्न सुरू होतात : आईच्या औषधपाण्याचे कोण पाहील? लग्न कसे जमेल? प्रश्न खोटे नाहीत. पण ते तिच्या एकटीच्याच पदरी का?

पुण्यात १९०९ साली सेवासदन उभारून रमाबाई रानडे यांनी मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. शतक उलटले, तरी घरचा अडसर कायम आहे. अमरावती-अकोल्याहून मुंबई रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. वडिलांनी पगार, राहण्याची खोली, रातपाळी यांची चौकशी जरूर करावी. भावाने घरचा निम्मा भार उचलावा. मग ती मुंबईस जावो वा अकोल्यातच राहो, निर्णय तिचा असावा.