जीवसृष्टीचं बीज परग्रहावरून आलं? ‘प्रॉमिथिअस’मधली कल्पना कितपत शक्य?

रिडली स्कॉटच्या ‘प्रॉमिथिअस’ (2012) सिनेमात एक परग्रहवासी काळा द्रव पितो. त्याचं शरीर विरघळून धबधब्यात पडतं आणि त्याच्या डीएनएतून नवी जीवसृष्टी सुरू होते.

निव्वळ फेकाफेक? तसंही नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांनी 1973 मध्ये लेस्ली ऑर्गेल यांच्यासोबत अशीच शक्यता मांडली होती. फक्त त्यांच्या मांडणीत यानातून सूक्ष्मजीव येतात.

यानाशिवाय जमेल? जपानच्या ‘तानपोपो’ प्रयोगात डायनोकॉकस जिवाणूंचे थर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर ठेवले होते. वरच्या पेशी मेल्या, पण त्यांच्या आडोशाने आतल्या काही तीन वर्षं तगल्या. मंगळावरचे दगड पृथ्वीवर पडतात, हेही सिद्ध झालंय. त्यामुळे मंगळ ते पृथ्वी हा प्रवास अशक्य म्हणता येत नाही. ताऱ्यांचं गणित वेगळं. सर्वांत जवळचा ताराही सव्वाचार प्रकाशवर्षं दूर. तिथून निघालेल्या दगडाला लाखो वर्षं लागू शकतात.

सिनेमा खरा गंडतो तो पुढे. परग्रहवासी आणि माणूस यांचा डीएनए चक्क जुळतो! अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीनंतर पुन्हा तोच साचा? आणि आपल्याशी जवळपास 99 टक्के डीएनए जुळणारा चिंपांझी मग कोणाचा?