गोधडीची हौस आणि घरखर्च

घरखर्चाला कात्री लागली की पहिली कापली जाते ती बाईची हौस. गोधडी शिवणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. नवं कापड, कापूस यांचा हिशेब मांडला तर हात आखडतोच. पण गोधडी मुळात जुन्यातूनच जन्माला आली.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका पाहा. त्यांच्यात मुस्लिम घरंही आहेत. त्यांची ‘कवंदी’ होते ती घरातल्या विरलेल्या साड्या-सदऱ्यांची. मशीन नाही, चौकट नाही. कडेपासून हाताने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं मात्र हवीतच!

तेव्हा घरात एक पिशवी चिंध्यांसाठी ठेवा. सुती कापड वेगळं काढा. रंग जाणारं आधी धुऊन घ्या. विरलेले तुकडे आतल्या थरात, घट्ट विणीचे वर. पैसे घालायचे ते सुई आणि पक्क्या दोऱ्यावर. दोरा कच्चा तर मेहनत वाया.

रोज दोन ओळी झाल्या तरी पुरे. तो अर्धा तास तुमचा हक्काचा आहे, तो खर्चात धरू नका. थंडी पडली की हीच गोधडी सगळे आधी मागतील.