कोणती कावीळ?



घरातील माणसाचे डोळे पिवळे दिसू लागले की आपल्या बेला भागात शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो हा : "कोणाकडे नेले?" पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे कावीळ उतरवणाऱ्यांची वाण नाही. तेलुगू शेजारी तिला पच्च कामेर्लु म्हणतात, आपण कावीळ म्हणतो, पण रांग एकाच अंगणात लागते. हा प्रश्नच चुकीचा आहे असे आम्हांला वाटते. आधी विचारावयास हवे ते "कोणती कावीळ?" कारण कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. ताप जसा हिवतापाचाही असतो आणि विषमज्वराचाही, तशीच ही.

आपल्या उजव्या बरगडीखाली यकृत आहे. ते पित्त तयार करते. ते पित्त एका बारीक नळीने आतड्यात उतरते, आणि उतरताना ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. वाटेतच पित्ताशयाची पिशवी जोडलेली असते. आता विहिरीवरून शेतात आणलेल्या पाइपाचा विचार करा. पाणी येईनासे झाले तर मोटार बिघडली असेल, पाइपात दगड अडकला असेल किंवा बाहेरून कशाचा तरी दाब पडून पाइप चेपला असेल. तिन्हींना एकच उपाय करणारा मिस्त्री आपण दारात उभा करणार नाही. शरीराच्या बाबतीत मात्र करतो.

मग कावीळ उतरवणाऱ्यांचे नाव एवढे का? याचे उत्तर सोपे आहे. पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे डॉक्टर जिला ए आणि ई प्रकार म्हणतात ती, बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. नाकात रस पिळा, दंडाला मुळी बांधा किंवा काहीच करू नका, माणूस उठून शेतावर जातो आणि यश मुळीला मिळते. हात धुण्याचा प्रकार तर निव्वळ हातचलाखीचा. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरीही होते. ज्याला शंका असेल त्याने घरी करून पाहावे. डाग देण्याबद्दल आम्ही काय लिहावे? पोटावर तापलेल्या लोखंडाच्या खुणा घेऊन येणारी लेकरे पाहिली की लेखणी जड होते.

पण केवळ वैदूंनाच बोल लावणे न्यायाचे नाही. गावोगावचे आरएमपी डॉक्टरही "कावीळ आहे" एवढे सांगून सलाईन लावतात आणि माणसाला घरी पाठवतात. तेही तोच प्रश्न विचारीत नाहीत.

आमच्या माहितीतील एका कास्तकाराची गोष्ट सांगतो. वय पंचावन्नच्या आसपास. ताप नाही, पोटात दुखणे नाही. अंगाला खाज मात्र रात्रभर. लघवी गडद, शौच पांढरट मातीसारखे, आणि पोटभर खाऊनही अंग उतरत चाललेले. दोन महिन्यांत तीन ठिकाणची औषधे झाली. दुखत नाही म्हणजे भिण्यासारखे काही नाही, असे सगळ्यांनी धरून चालले. पुढे सोनोग्राफी झाली तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ निघाली, आणि ती जवळच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलेली होती. गाठ काढण्याची वेळ टळून गेली होती. हैदराबादला दुर्बिणीतून पित्तनळीत स्टेंट बसवला, खाज थांबली, अन्न गोड लागू लागले, एवढाच दिलासा उरला. हे दोन महिने कोणी हिरावून नेले? एका माणसाने नव्हे. आपल्या सगळ्यांच्या समजुतीने.

न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ म्हणूनच अधिक भिण्याजोगी. याउलट खडा पित्तनळीत अडकला तर बरगडीखाली कळ येते. तिच्यासोबत थंडी वाजून ताप आणि कावीळ असेल तर तुंबलेल्या पित्तात पू होऊ लागला असे समजावे आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. तोंडावाटे दुर्बीण घालून असा खडा काढण्याची रीत 1974 पासून जगात चालू आहे. पित्ताशयाच्या खड्यांसाठी पोट फाडण्याची गरजही आता बहुधा पडत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 साली दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आज ती जिल्ह्याच्या गावीही होते.

पोटाच्या वरच्या भागातली कळ पाठीत जात असेल, माणूस गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसत असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर तो "गॅस" नव्हे. ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. तिची मुख्य कारणे दोन : पित्ताचे खडे आणि दारू. मोहाची असो की दुकानाची, स्वादुपिंड भेद करीत नाही.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. आदिलाबादच्या आदिवासी घरांत आणि पलीकडे विदर्भातही सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्ताच्या पेशी लवकर फुटतात आणि डोळे वारंवार पिवळे होतात. यकृताचा यात दोष नसतो. अशा मुलांना लहान वयातच पित्ताचे खडे होतात. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. दरवर्षी कावीळ होणाऱ्या मुलाची ही तपासणी करून घेतलीच पाहिजे. आणि तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवडे उलटूनही गेली नाही, शौच पांढरे होऊ लागले, तर पित्तनळ्या बुजल्याची शंका घ्यावी. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त.

आता शेतीकडे वळू. 1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. 397 माणसे आजारी पडली, 106 दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा दोष पाण्याचा नव्हता, बुरशी लागलेल्या मक्याचा होता. अवकाळी पावसात भिजलेल्या कणसांवर वाढलेल्या बुरशीचे विष यकृतात उतरले होते. आपल्याकडे काढणीच्या वेळी पाऊस येतोच. भिजलेला मका आणि शेंगा नीट वाळवाव्या, काळे-हिरवे दाणे वेगळे काढावे. ते गुरांनाही घालू नयेत. "धुऊन घेतले" म्हणून हे विष जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही.

झाडपाल्याबद्दल आमचा द्वेष नाही. पण झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे खरे नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आली असे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले. कावीळ झालेल्या माणसाला कशाचाही रस पाजण्याआधी विचार करावा. त्याचे वरणही बंद करू नये. हळदीचे पिवळे आणि डोळ्यांचे पिवळे यांचा काही संबंध नाही, आणि नुसत्या उसाच्या रसावर ठेवलेला माणूस अशक्त मात्र होतो.

रक्तातून पसरणाऱ्या बी आणि सी काविळीची तपासणी आणि औषधे 28 जुलै 2018 पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. सी प्रकार बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी प्रकारापासून वाचण्यासाठी बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत लस द्यावी. गरोदर बाईला कावीळ झाली तर मात्र एक दिवसही घरी ठेवू नये, ई प्रकार तिच्या जिवावर बेततो.

आमची मागणी मोठी नाही. डोळे पिवळे दिसल्याच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त द्यावे. बिलिरुबिन किती आणि त्यातले डायरेक्ट किती, हे विचारून लिहून घ्यावे. डायरेक्ट जास्त असेल आणि खाज किंवा पांढरे शौच असेल, तर सोनोग्राफीची चिठ्ठी मागावी. संकोच करू नये, आदिलाबादला तेलुगू बोलता आले नाही तरी कागद बोलतो. सोनोग्राफीला उपाशीपोटी जावे, म्हणजे पित्ताशय भरलेले दिसते. आधीचे सगळे कागद एका पिशवीत ठेवावे. आरोग्यश्रीचे कार्ड कोणत्या दवाखान्यात चालते हे निघण्यापूर्वीच विचारावे, विशेषतः नदी ओलांडून यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी. आणि वैदूकडून काही घेतले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, पुडी सोबत न्यावी.