घरचे शिक्षण आणि बाहेरचा दाखला

शाळेत न जाता घरी शिकलेल्या मुलाने पुढे काय शिकावे, हा प्रश्न आजवर मूठभर हौशी कुटुंबांचा मानला गेला. परंतु २०१६ साली मुंबईच्या एका विद्यार्थिनीमुळे त्याची सार्वजनिक बाजू उघड झाली. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली होती; तथापि बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. अमेरिकेतील एमआयटीने मात्र तिला प्रवेश दिला. अशी उदाहरणे विरळाच. ज्याच्याजवळ पदके नाहीत, केवळ जिज्ञासा आणि वाचन आहे, त्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

२०१० साली अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ या वयापुरता आहे. म्हणजे कायद्याची काळजी जेथे संपते, नेमकी तेथेच दाखल्याची काळजी सुरू होते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की, पदवी ही ज्ञानाइतकीच खूणही असते. उमेदवाराची कुवत पारखणे खर्चाचे असल्याने मालक कागदावर विसंबतो. महाविद्यालयेही तेच करतात. शाळेतल्या मुलाला ही खूण ओघानेच मिळते. घरी शिकलेल्याला ती वेगळी कमवावी लागते.

त्यासाठी महाराष्ट्रात दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसता येते. पण बारावीला ही सोय मुख्यतः कला व वाणिज्य शाखांची आहे. दुसरी वाट १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची. येथे वर्षातून दोनदा परीक्षा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय शाखेच्या चौकटीबाहेरही निवडता येतात.

हे स्वातंत्र्य मात्र दुधारी आहे. सोपे विषय घेऊन दाखला पदरात पाडावा, असा मोह होतो. अशा वेळी गणित सुटले की अभियांत्रिकी सुटते. जीवशास्त्र, रसायन वा भौतिकी सुटली की वैद्यक. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशातून वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविली. पण न घेतलेला विषय कोणतेही न्यायालय भरून देऊ शकत नाही. उलट, विज्ञानाकडून इतिहासाकडे किंवा कायद्याकडे वळणे तुलनेने सोपे असते. यावरून सर्वांनी विज्ञानच घ्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक दार उघडे ठेवण्याची किंमत मुलाला आपल्या वेळेने चुकवावी लागते. म्हणून ज्या दारापलीकडे डोकावण्याची त्याला खरोखर इच्छा आहे, तेवढीच उघडी ठेवावीत.

ती इच्छा ओळखण्याची सवड शाळेतल्या मुलाजवळ नसते. घरी शिकलेल्याजवळ असते. आवडत्या विषयाचे पदवीच्या पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक दोन महिने नेटाने वाचावे, ‘स्वयम्’वरील एखादा अभ्यासक्रम पुरा करावा, वकिलाच्या कचेरीत किंवा कारखान्यात काही आठवडे काम पाहावे. आवड टिकली तर ती खरी. तसेच, तीन तासांत उत्तरपत्रिका लिहिण्याचा सराव वर्षभर आधी सुरू करावा. परीक्षा नको म्हणून शाळा सोडली, तरी परीक्षा चुकत नाही.

निवड अखेर मुलाचीच असली पाहिजे. शाळेच्या वेळापत्रकातून मुलाला सोडविणारे पालक पुष्कळदा आपल्या अपुऱ्या राहिलेल्या महत्त्वाकांक्षांचे वेळापत्रक त्याच्या हाती देतात. तो केवळ मालकबदल होय.

सरकारची जबाबदारीही येथे संपत नाही. केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा सुरू केली. पण तिच्या आधारे प्रवेश घ्यायचा, तरी बारावीचा दाखला लागतोच. प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा घ्यायची आणि तरीही जुना कागद मागायचा, यात तर्क कमी व सवय अधिक आहे. श्रीमंताचे मूल या सवयीला वळसा घालून परदेशी जाईल. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या मुलाला तो वळसा परवडणारा नाही. दाराची रुंदी ठरविताना त्याचाच विचार आधी झाला पाहिजे.