फ्लॅटमधली सुरी आणि मोहल्ल्यातली भट्टी

अलीकडे आमच्या काही शिकल्या-सवरल्या तरुणांना एक नवा शौक लागला आहे. नोकरी संगणकावर, राहणे इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी हातात कानस घेऊन सुरी बनवायची! घरातील बुजुर्ग यावर नाराज असतात. कोणी म्हणतो, ही पैशाची नासाडी आहे. कोणी म्हणतो, मुसलमानाच्या घरातून लोखंड घासल्याचा आवाज आला तर उद्या दारात पोलीस उभा राहील. दुकानाच्या गादीवर बसून ही दोन्ही बोलणी आम्ही ऐकतो. पहिली आम्हांला मान्य नाही. दुसरीत तथ्य आहे, पण त्यासाठी शौक सोडण्याची गरज नाही.

लोखंडाचे काम हलके नव्हे. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, असे कुरआन शरीफात आले आहे आणि ते आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आहे. आपल्याकडचा शिकलगार हा शब्दही मूळ ‘सैकलगर’, म्हणजे धातूला झिलई देणारा. पण आज शिकलगाराचा मुलगा चार बुके शिकला की बापाची सहाण लोकांपासून लपवतो. अशा काळात एखादा पदवीधर आपल्या राजीखुशीने कानस हाती घेत असेल, तर त्याला हसण्यासारखे काय आहे?

आता मुद्द्याचे. पाते दोन रीतींनी होते. एक, लोखंड तापवून ऐरणीवर ठोकून. दुसरी, तयार पट्टी कापून, घासून आकार द्यायचा. फ्लॅटमध्ये दुसरीच रीत चालते. टेबलाला बांधलेला वाइस, दोन-तीन कानशी, हॅकसॉ, हातड्रिल आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम होते. वेळ लागतो, पण शौकाला घाई कसली? गॅलरीत ग्राइंडर मात्र चालवू नये. ठिणग्या खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि आवाजाने सगळी सोसायटी गोळा होते. मुठीसाठी शिसम घासताना नाका-तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत बसते. भंगारातला मोटारीच्या कमानीचा पाटा स्वस्त पडतो आणि त्याचे पोलाद चांगले असते. पण वर्षानुवर्षे धक्के खाल्लेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते. नवशिक्याने नवी पट्टी घ्यावी.

खरी अडचण पाणी देण्याची आहे. घासून तयार झालेले पाते मऊ असते, त्याला धार टिकत नाही. साधे कार्बन पोलाद साधारण ८०० अंशांपर्यंत तापवावे लागते. कारागीर लोहचुंबक लावून पाहतात. ७७० अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला चिकटणे सोडते, त्याच्या थोडे वर गेले की पाते तेलात बुडवायचे. त्या क्षणी तेल भडकू शकते. हे काम स्वयंपाकघरात करणे म्हणजे इमारतीला आग लावण्याची तयारीच. बंद खोलीत भट्टीचा विषारी वायू कोंडतो तो वेगळाच आणि घरगुती गॅसचा सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरणे नियमातही बसत नाही. पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास शेकून थोडे नरम करावे लागते. एवढे मात्र घरच्या ओव्हनमध्ये होते. पाते गवती पिवळे दिसू लागले की समजावे.

म्हणजे मधला एक टप्पा भट्टीवरच करून घ्यावा लागतो. आणि येथे आम्हांला आमच्या कारागीर बंधूंशी बोलायचे आहे. असा मुलगा पाते घेऊन आला की आमचा लोहार एक तर त्याची थट्टा करतो, नाही तर फुकटात करून देतो. दोन्ही चूक! तो गिऱ्हाईक आहे. पाणी देण्याचा दर ठरवा, धार लावण्याचा ठरवा, पट्टी विका. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस भट्टीवर बसून शिकायचे असेल तर त्याचेही पैसे घ्या. मशीनचे कापड स्वस्त आहे हे ठाऊक असूनही औरंगाबादची हिमरू घेणारा माणूस आहेच. आमच्या धंद्यातली मीरतची कात्रीही मुसलमान कारागिरांच्या हातची. भंगाराच्या पोलादापासून बनणाऱ्या त्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले तर हुन्नराला भाव येतो.

राहिला पोलिसांचा प्रश्न. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले आहेत; घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनविलेले वगळून. तेव्हा भाजीची, मांसाची सुरी बनवा, खंजीर नको. दुधारी पाते, सिनेमातला रामपुरी, भिंतीवर टांगायची तलवार यांच्या नादी लागूच नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सुरी घेऊन रस्त्यावर फिरणेही महागात पडते. दुसऱ्या कोणाकडे डोळेझाक होईल, आपल्या मुलाकडे होईलच असे नाही. हे कटू आहे, पण बापाने मुलाला सांगितलेच पाहिजे. पट्टीचे बिल जपून ठेवावे, सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच काम दाखवावे. शेजारच्या घरची विळी फुकट धार लावून दिली तर आणखी चांगले.

कुर्बानीसाठी सुरी धारदार असावी, जनावराला तकलीफ कमी व्हावी, अशी हदीसची ताकीद आहे. आपल्या हाताने बनविलेली सुरी त्या दिवशी वापरावी असे या तरुणांना वाटते, ते आम्हांला पसंत आहे. फक्त पाते पाणी देण्यासाठी ईदच्या महिना-दोन महिने आधी न्यावे. शेवटच्या आठवड्यात शिकलगाराच्या दारात साऱ्या मोहल्ल्याच्या सुऱ्यांची रांग लागलेली असते.