सुट्टीतला चॉकलेट चिवडा

शाळांना सुट्टी लागली की वस्तीतल्या घराघरांत दोन प्रकारच्या सुट्ट्या लागतात. धाकट्यांना लागते ती खेळण्याची, आणि मोठ्या मुलीला लागते ती स्वयंपाकाची. आई कामाला, वडील कंपनीत. मग दुपारी भावंडांना ‘काहीतरी’ करून घालण्याचे काम दहा-अकरा वर्षांच्या ताईच्या गळ्यात पडते. तापल्या तेलाच्या कढईपाशी एवढ्याशा पोरीने उभे राहावे, हे आम्हाला मान्य नाही. तिचा भाऊ बाहेर क्रिकेट खेळत असेल तर मुळीच नाही. म्हणून या वेळी असा खाऊ देत आहोत, ज्यात तळण नाही, भट्टी नाही, आणि मुलामुलींचे हात सारखेच लागतात.

मूळ पदार्थ अमेरिकेतला. तिकडे नाताळच्या सुट्टीत ‘चेक्स’ नावाचे तांदूळ-मक्याचे कुरकुरीत चौकोनी तुकडे चॉकलेट आणि शेंगदाण्याच्या लोण्यात घोळवतात व वरून पिठीसाखर लावतात. दिसायला कुत्र्याच्या खाद्यासारखा, म्हणून त्याला गमतीने ‘पपी चाऊ’ म्हणतात. (१९३७ साली चेक्स बाजारात आणणारी राल्स्टन प्युरिना कंपनी जनावरांचे खाद्यही करीत असे, हा आणखी एक योग.) नाव काहीही असो, दारातल्या कुत्र्याला यातला दाणाही घालू नये. चॉकलेट कुत्र्याला विषारी असते.

आपल्याकडे चेक्सऐवजी कॉर्नफ्लेक्स आणि कुरमुरे घ्यावेत. मुरमुरे म्हणा, चुरमुरे म्हणा, वस्तू एकच. मात्र चिवड्यासाठी तळायचे मक्याचे पोहे आणू नयेत. ते कच्चे असतात. दुधात घालून खायचे तयार कॉर्नफ्लेक्स हवेत. कॉर्नफ्लेक्स १०० ग्रॅम, कुरमुरे ४० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे दोन मुठी, आणि चॉकलेट कंपाउंड २०० ग्रॅम. कंपाउंडची लादी केकचे सामान मिळते त्या दुकानात मिळते. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पतीजन्य चरबी असते, त्यामुळे ते वितळवून नुसते गार केले तरी नीट घट्ट होते. खायच्या चांगल्या चॉकलेटला तापमानाचे फार सोपस्कार लागतात, आणि पैसेही.

गरम काम आदल्या संध्याकाळी वडिलांनी करावे. घरात मोठी माणसे असताना, पंधरा-वीस मिनिटांचे तर आहे. कुरमुरे मंद आचेवर कोरडे भाजून पूर्ण गार होऊ द्यावेत. पातेल्यात थोडे पाणी उकळून गॅस बंद करावा, आणि वर कोरडे भांडे असे ठेवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात लादीचे तुकडे, चमचाभर तूप आणि तीन चमचे शेंगदाण्याचे लोणी घालून हलवत राहावे. हे लोणी विकत आणायला नको. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये कूट होऊनही फिरवत राहिले की तेल सुटते आणि तेच लोणी. पाण्याचा थेंब मात्र चॉकलेटात पडू देऊ नये, नाहीतर त्याचा रवाळ गोळा होतो. झालाच, तर फेकू नये. गरम दुधात विरघळवून प्यावा.

भांडे खाली उतरले की पुढचे सारे मुलांचे. कॉर्नफ्लेक्स, कुरमुरे, दाणे मोठ्या परातीत घालून वर कोमट चॉकलेट ओतावे आणि हलक्या हाताने खालीवर करावे. दोन मिनिटांनी सारे झाकणाच्या मोठ्या डब्यात घालावे, चार चमचे पिठीसाखर व दोन चमचे दूध पावडर टाकून डबा जोरात हलवावा. या कामासाठी भांडणे होतात, पाळ्या लावाव्यात. मग कागदावर पसरून तासभर वाळू द्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. दिवाळीच्या किंवा डिसेंबरच्या सुट्टीत हे छान होते. मे महिन्यात नागपूरकरांनी या भानगडीत पडू नये.

आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. भाव गावोगाव वेगळे, म्हणून आकडे देत नाही. मुलांनाच गणित घालावे: दुकानातल्या पाकिटावरचे निव्वळ वजन वाचून शंभर ग्रॅमचा भाव काढा, आणि आपल्या डब्याचाही काढा. फुगलेल्या पाकिटात माल किती आणि हवा किती, हे त्यांना मग सांगावे लागणार नाही.

हे पौष्टिक खाणे नव्हे, साखर आणि चरबी यात भरपूर आहे. दुपारी मूठभर पुरे. भाकरी-भाजीच्या जागी नको. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी दाण्यांशिवाय वेगळा वाटा काढावा. शेंगदाणा कोणाला सोसत नसेल, तर त्या घरी दाणे आणि लोणी दोन्ही वगळावे.

राहिले चॉकलेटचे भांडे. ते थेट मोरीत टाकू नये. चरबी नळीत थिजते. आधी कागदाने पुसून, मग गरम पाण्याने घासावे. कोणी घासायचे हे सुरुवातीलाच ठरवावे, आणि पहिली पाळी भावाची लावावी.